हरित उद्योगांसाठीचा ॲक्सिलरेटर : साडेतीन तारे, आणि अर्धा का कापला

मी कुठून बोलतेय ते आधी सांगते. आम्ही शेतातला काडीकचरा, म्हणजे तूस, पऱ्हाटी, लाकडाचा भुसा, यंत्रात दाबून त्याचे ब्रिकेट, म्हणजे जळणाचे घट्ट ठोकळे, करतो. बॉयलरवाले त्याला पांढरा कोळसा म्हणतात. जो माल शेतातच पेटवून दिला जायचा तो आम्ही विकत घेतो, गोळा करणाऱ्या बायकांच्या गटांना वजनावर पैसे देतो आणि तयार माल दगडी कोळशाच्या जागी विकतो. नऊ वर्षं झाली. कारखाना बंद पडत नव्हता आणि वाढतही नव्हता. म्हणून पर्यावरणाचं काम करणाऱ्या सामाजिक उद्योगांना ‘वाढायला मदत’ करणाऱ्या एका सहा महिन्यांच्या कार्यक्रमाला, म्हणजे ॲक्सिलरेटरला, अर्ज केला. फी नव्हती, कंपनीत हिस्साही मागत नव्हते. नाव लिहीत नाही, कारण माझ्या तक्रारी अशा बहुतेक कार्यक्रमांना लागू पडतील.

पहिला निवासी आठवडा ऐन कापणीत.

हे ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी: आमचा वर्षभराचा कच्चा माल पाच-सहा आठवड्यांत घ्यावा लागतो. त्यानंतर तो जळतो, भिजतो किंवा कुजतो. ब्रिकेटसाठी ओलावा साधारण १० ते १२ टक्क्यांच्या आत हवा. त्यापेक्षा ओला माल दाबला की आत वाफ धरते आणि ब्रिकेट बाहेर येतानाच फुटतो. त्या दिवसांत मी ओलावा मोजायचं मीटर घेऊन काट्यापाशीच उभी असते. त्या आठवड्यात मी वातानुकूलित खोलीत रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवत होते, आणि इकडे २० टक्क्यांच्या वरचे दोन ट्रक खाली झाले. पाण्याचे पैसे मोजले, दुसरं काय.

गंमत पुढेच आहे. त्याच दिवशी वर्गात विषय होता ‘ग्राहकाच्या कमाईची लय ओळखा’. उदाहरणं उत्तम होती. १९९६ साली बांगलादेशात सुरू झालेल्या ग्रामीण शक्तीने खेड्यातल्या घरांना सौर संच हप्त्यांवर दिले. केनियातल्या एम-कोपाने अशाच संचांसाठी मोबाइलवरून रोज थोडे थोडे पैसे भरायची सोय केली. कर्नाटकातून १९९५ मध्ये उभ्या राहिलेल्या सेल्को या सौर कंपनीचे हरीश हांडे तर कधीपासून सांगत आलेत की रोज कमावणाऱ्याला महिन्याचा हप्ता जड जातो, तीच रक्कम रोज थोडी थोडी दिली तर परवडते. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. मग हात वर करून विचारलं, ‘आमच्या कमाईची लय कोण बघणार?’ सगळे हसले. मी विनोद केला नव्हता. नंतर कळलं, तारखा पैसे देणाऱ्या संस्थेच्या आर्थिक वर्षाप्रमाणे ठरतात. कापलेला अर्धा तारा तो हा.

पुढचे दोन महिने मुख्यतः गुंतवणूकदारांसमोर करायच्या तीन मिनिटांच्या भाषणाची तालीम. कुठे थांबायचं, कुठे गोळा करणाऱ्या बाईचा फोटो दाखवायचा. मला दिलेले मार्गदर्शक सॉफ्टवेअरमधले, माणूस अगदी सज्जन. त्यांचा प्रश्न एकच: ‘ताई, याचे शंभर कारखाने कधी?’ त्यांना समजवायला मला तीन बैठका लागल्या. काडीकचरा हलका आणि फुगीर असतो. ट्रक भरलेला दिसतो, काट्यावर काहीच भरत नाही. लांबून आणला की वाहतूकच नफा खाते. म्हणजे आमचा कारखाना मोठा करून भागत नाही, दुसरीकडे दुसरा छोटा काढावा लागतो, आणि तिथे पुन्हा नवे गट, नवा काटा, नवा ऑपरेटर. चौथ्या बैठकीत त्यांनी ॲप सुचवलं.

आता साडेतीन तारे कशाचे, ते सांगते. खरं तर त्यातले दोन एकाच बाईंचे आहेत. त्या पूर्वी बँकेत कर्जविभागात होत्या. कार्यक्रमात त्यांचा तास फक्त एक होता, पण त्या आपणहून दोन दिवस कारखान्यावर आल्या आणि आमचा रोजमेळ घेऊन बसल्या. सादरीकरण वगैरे काही नाही. वही, पेन्सिल, चहा. कच्च्या मालाचे पैसे द्यावे लागतात ते पाच-सहा आठवड्यांत. विक्री वर्षभर. आणि गिऱ्हाइकाकडून पैसे हातात येतात बिलानंतर सरासरी ७५ दिवसांनी. बारा महिन्यांचे बारा रकाने काढून त्यांनी तो खड्डा मला दाखवला. मग तोच तक्ता दीडपट विक्री धरून पुन्हा मांडला. खड्डा दीडपट खोल! नऊ वर्षं मला वाटत होतं की विक्री वाढली की चणचण जाईल. उलट होतं. आम्ही जितके जोरात पळू तितके लवकर पडणार होतो.

म्हणजे भाषण ऐकून हिस्सा विकत घेणारा गुंतवणूकदार आम्हाला नकोच होता. हवं होतं हंगामापुरतं खेळतं भांडवल, फेड मालाच्या विक्रीप्रमाणे. आता तुसाच्या ढिगाला तारण म्हणून कोण हात लावणार? बाईंनी गिऱ्हाइकांच्या खरेदी ऑर्डरी पुढे ठेवून अर्ज नव्याने लिहून दिला. कर्ज मंजूर झालं, दर महिन्याच्या हप्त्याऐवजी तीन टप्प्यांत फेड. पैसे आले तेव्हा त्या वर्षीची कापणी संपली होती. वरातीमागून घोडं! पण पुढच्या हंगामाला ते कामी आलं आणि पहिल्यांदाच आम्ही माल उधार न घेता घेतला.

जाता जाता त्यांनी आणखी एक विचारलं. ‘हा वेल्डर दर चार दिवसांनी वहीत का येतो?’ भाताच्या तुसाच्या राखेत बहुतांश सिलिका, म्हणजे वाळूतलाच कठीण घटक, असते, ती यंत्राचा स्क्रू घासून खाते, म्हणून त्यावर पुन्हा पुन्हा कठीण धातूचा थर चढवावा लागतो. आम्हाला ते रोजचंच झालं होतं. तो खर्च टनावर मांडला तर स्वस्त वाटणारं तूस पऱ्हाटीपेक्षा महाग निघालं. तेव्हापासून तुसाचं प्रमाण कमी केलंय.

कामाचा समाजावर आणि पर्यावरणावर होणारा परिणाम मोजण्याचं सत्र थोडक्यात उरकते. आयरिस नावाची निर्देशकांची यादी आहे, त्यातले पाच निवडा म्हणाले, निवडले. कार्बन क्रेडिटबद्दल, म्हणजे टाळलेल्या कार्बनच्या बदल्यात मिळणाऱ्या आणि विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांबद्दल, मात्र शिकवणारा माणूस सरळ बोलला: पडताळणीचा खर्च छोट्या प्रकल्पाला झेपत नाही, तुमच्या हिशोबात तो रकाना शून्य धरा. नाहीतर हे कळायला मला आणखी पाच वर्षं लागली असती.

उरलेला दीड तारा बरोबरच्या मंडळींचा. शेवटी आम्हीच एकमेकांना गुण द्यायचे होते. व्हिलेज कॅपिटल ही संस्था ज्यासाठी ओळखली जाते, तीच पद्धत. मला वाटलं भांडणं होतील. झालं असं की गुण द्यायचे म्हणून सगळ्यांनी एकमेकांचे हिशोब खरोखर वाचले. एक खतवाले दादा होते, ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट करणारे. माझे दोन ओले ट्रक ऐकून म्हणाले, ‘तुम्ही ओल्या वजनाला पैसे देताच कशाला?’ आता आम्ही कोरड्या वजनाला पैसे देतो. मीटरचा आकडा आधी आणणाऱ्या बाईला दाखवायचा, मग काट्याची चिठ्ठी फाडायची. पहिले पंधरा दिवस कडाक्याची भांडणं झाली. मग गटांनी स्वतःच माल दोन दिवस उन्हात पसरायला सुरुवात केली, कारण आकडा कमी आला की पैसे जास्त मिळतात हे त्यांना दिसलं. आता मी काट्यावर नसले तरी चालतं.

अर्ज करणार असाल तर मुलाखतीत तुम्हीही त्यांना प्रश्न विचारा. निवासी आठवडे कोणत्या महिन्यात आहेत? तुमच्या जागेवर कोण येणार, आणि किती दिवस? कर्ज देणाऱ्यांशी ओळख करून देतात की फक्त गुंतवणूकदारांशी? हंगामी धंदा असेल तर पहिल्याच उत्तरावर निर्णय घ्या. आणि हिशोबाची वही बरोबर न्या, कच्चीच, खाडाखोड असलेली. माझी नीट टाइप केलेली प्रत त्या बाईंनी बाजूला सारली होती.