गोल्डफिशच्या टाकीतून सकर आधी काढा: दहा महिन्यांनंतर सोबती माशांचा हिशेब

टाकी १२० सेंमी लांब, ४० रुंद, ४५ उंच. तळाची खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर प्रत्यक्ष पाणी १८० लिटरच्या आसपास. त्यात दोन ओरांडा आणि एक ब्लॅक मूर, या गोल्डफिशच्या फॅन्सी, म्हणजे गोलमटोल अंगाच्या, संथ जाती. सोबतीला पहिल्या दिवसापासून एक सकर (तोंडाने काचेला चिकटणारा मासा), महिन्याभराने तीन वेदर लोच (तळाशी राहणारे लांबट मासे), त्यानंतर आठ व्हाइट क्लाउड (छोटे, घोळक्याने राहणारे मासे) आणि चार नेराइट गोगलगायी. फिल्टर, सायकलिंग (टाकीत घाण पचवणारे जिवाणू रुजवणं), एअर पंप हे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे असं धरून थेट सोबत्यांकडे वळतो.

आधी सकर, कारण गोल्डफिशबरोबर हमखास गळ्यात मारला जाणारा आणि हमखास चुकणारा मासा तोच. शेवाळ खातो, काच साफ ठेवतो, एवढं सांगून तो पिशवीत घालून दिला जातो. पाच सेंमीचं पिल्लू शेवाळ खातं, हे खरं आहे. पण साधा सकर वाढत वाढत ३० सेंमीच्या पुढे जातो आणि जसजसा मोठा होतो तसतशी त्याची शेवाळाची गोडी कमी होते. उरते ती विष्ठा. सकाळी तळावर लांबच लांब तपकिरी दोरे पडलेले दिसतात. तो टाकीत होता तोवर आठवड्याचं पाणी बदलण्याआधी नायट्रेट (विष्ठेतून शेवटी पाण्यात साठणारा घटक) ४० पीपीएमला, म्हणजे लिटरमागे ४० मिलिग्रॅमला, टेकायचं. तो काढल्यावर तेवढ्याच खाण्यावर, तेवढ्याच पाणीबदलावर ते २० ते २५ वर आलं. काच साफ ठेवायला आणलेल्या माशाने पाणी घाण करावं, याचा राग येतोच.

खरं नुकसान मात्र रात्री होतं. सकर निशाचर आहे. दिवे गेले की गोल्डफिश तळाजवळ जवळपास स्थिर होऊन झोपतात, आणि फॅन्सी जातीचे तर जागेपणीही संथच. सकरसाठी टाकलेल्या शेवाळाच्या वड्या गोल्डफिश आधीच फस्त करतात, त्यामुळे सकर उपाशी राहतो. गोल्डफिशच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला आयता मिळतो. एकदा चव लागली की तो पुन्हा पुन्हा तिथेच येतो. नंतर त्याला वेगळं खायला घालून ही सवय सुटत नाही.

सहाव्या महिन्यात मोठ्या ओरांडाच्या डाव्या कुशीवर, छातीच्या पराच्या मागे, नखाएवढा फिकट डाग दिसला. कडा दुधाळ, मधे दोन खवले गायब, खाली लालसर त्वचा. पाच दिवसांत तसाच दुसरा. अमोनिया ० आणि नायट्राइट ० (विष्ठेतून होणारे हे दोन्ही घटक विषारी), म्हणजे पाण्याने भाजलेलं नाही. असा डाग बघून बहुतेक जण बुरशी समजून औषध ओततात, आणि औषध वाया जातं, कारण घाव घालणारा टाकीतच असतो. खात्री करायची सोपी रीत: दिवे घालवून दोन तास थांबा, मग टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन कागद लावून बाजूने बघा. लाल उजेडाने मासे फारसे बिथरत नाहीत. ओरांडा झटका देऊन पुढे सरकतो, सकर निसटतो, मिनिटभरात पुन्हा त्याच कुशीला येऊन चिकटतो. हे एकदा दिसलं की आणखी पुरावा लागत नाही.

काढताना जाळी वापरू नका. सकरच्या परांचे काटे जाळीत अडकतात आणि सोडवताना पर फाटतात. प्लॅस्टिकचा डबा पाण्यात आडवा धरून त्याला आत ढकलायचा. मोठी, कोमट पाण्याची टाकी असलेल्याला तो द्या. ओढ्यात, तळ्यात, नदीत अजिबात सोडू नका. हा मासा बाहेर पडला की तिथल्या माशांचं खाणं आणि जागा दोन्ही बळकावतो.

जखमेला औषधाची गरज पडली नाही. दोन आठवडे दर दोन दिवसांनी ३० टक्के पाणी बदललं आणि लिटरला १ ग्रॅम साधं, आयोडीन नसलेलं मीठ घातलं. नुसते गोल्डफिश असतील तर ३ ग्रॅमपर्यंत जाता येतं. लोचला मीठ आणि तांब्याची औषधं सोसत नाहीत, म्हणून १ वरच थांबावं लागलं. पाणी बदलताना मीठ फक्त नव्या पाण्यापुरतं घालायचं, नाहीतर प्रमाण चढत जातं. त्वचा पंधरा दिवसांत भरली, खवले यायला दीड-दोन महिने लागले.

ब्रिसलनोज सकर १२ ते १५ सेंमीवर थांबतो, म्हणून तो चालेल असं वाटतं. धोका कमी आहे, पण संपलेला नाही, आणि त्यालाही कोमट पाणीच लागतं. चायनीज अल्गी ईटर तर वाढला की सकरपेक्षा भांडखोर होतो. काच घासायला चुंबकाचा घासणा घ्या आणि दिवा सहा-सात तासांवर आणा.

कोमट पाण्याचा मुद्दा इतर माशांनाही लागू आहे. फॅन्सी गोल्डफिशना १८ ते २२ अंश बरे, बहुतेक उष्ण पाण्याच्या माशांना २४ ते २८. मधला आकडा धरून भागत नाही. २० अंशाला पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २८ ला ७.८. शिवाय पाणी तापलं आणि पीएच चढला की त्याच अमोनियाचा विषारी भाग वाढतो. गोल्डफिश खातात भरपूर आणि घाण करतात भरपूर, तेव्हा हा फटका आधी त्यांनाच बसतो.

वेदर लोचबद्दल तिसऱ्या महिन्यात मत वाईट होतं: दिसत नाहीत, गाळ उडवतात, मिशा झिजलेल्या. चूक खडीची होती, लोचची नव्हती. पाच मिलिमीटरच्या खडीत त्यांना शिरता येत नाही आणि मिशा घासल्या जातात. तीच खडी गोल्डफिशच्या तोंडात अडकते, म्हणजे ती नाहीतरी जायलाच हवी होती. तीन आठवड्यांत, दर वेळी एक तृतीयांश, खडी काढून बारीक वाळू घातली. एकदम काढली असती तर तिच्यावरचे जिवाणूही गेले असते. वाळू पाणी नितळ येईपर्यंत धुवायची, थर दोन-तीन सेंमीचाच ठेवायचा. आता लोच डोळ्यांपर्यंत वाळूत पुरून घेतात आणि ओरांडा तोंडात वाळू घेऊन कल्ल्यांतून सोडतात. दहा महिन्यांनंतर गोल्डफिशचा सगळ्यात चांगला सोबती कोण, तर लोच. थंड पाणी मानवतं, कुणाच्या वाटेला जात नाहीत. तीनपेक्षा कमी ठेवू नका. १५ ते २० सेंमी होतात, तेव्हा लहान टाकीत नकोत. त्यांच्या गोळ्या दिवा घालवल्यावर वीस मिनिटांनी लांबच्या कोपऱ्यात टाकायच्या, नाहीतर त्याही गोल्डफिशच्याच पोटात जातात.

व्हाइट क्लाउड आठाचे सहा उरले. गोल्डफिशच्या तोंडात जे मावतं ते त्याचं खाद्य, हा नियम त्यांनाही सुटत नाही. पूर्ण वाढलेले, चार सेंमीचे, सहापेक्षा जास्त घेतले तर संथ फॅन्सींबरोबर दिवसा निभावतात. पिल्लं घेऊ नका. कॉमेट किंवा शुबंकिन या सडपातळ, चपळ गोल्डफिशबरोबर तर मोठेही टिकायचे नाहीत. आणि कॉमेट स्वतःसुद्धा ओरांडाचा सोबती नव्हे, तो सगळं खाणं आधी पळवतो. रोझी बार्ब कॉमेटच्या मोठ्या टाकीत ठीक, ओरांडाच्या लोंबत्या शेपटीजवळ नको. टायगर बार्ब कुठेच नको.

कोरीडोरास आणि ओटोसिंक्लसबद्दल आवर्जून सांगायचं आहे. हे मासे गोल्डफिशच्या तोंडात शिरण्याएवढे लहान असतात आणि घाबरले की परांचे काटे ताठ करतात. काटा घशात अडकला की दोन्ही मासे जातात. गप्पी सरळ खाल्ले जातात. कोईला तळंच लागतं.

नेराइट गोगलगायी चारही शाबूत आहेत. गोड्या पाण्यात त्यांची पिल्लं होत नाहीत, पण दगडांवर पांढऱ्या ठिपक्यांसारखी अंडी चिकटून बसतात आणि ती घासून निघायला त्रास देतात. अ‍ॅपल गोगलगायीच्या मिशा गोल्डफिश कुरतडतात, त्या टाळा.

नवा कुठलाही मासा चार आठवडे वेगळ्या टबात, वेगळ्या जाळीने. लोच आणणार असाल तर आधी झाकण बघा. फिल्टरच्या पाइपसाठी ठेवलेली दोन बोटांची फट त्याला बाहेर पडायला पुरते, आणि हवामान बदलताना तो रात्रभर वरखाली धावतो. त्या फटीत फिल्टरच्या स्पंजचा तुकडा दाबून बसवा, आणि पाणी काठाच्या पाच सेंमी खालीच ठेवा.