आठवडाभर घरबसल्या पाहिलेला मराठवाडा

पाय मुरगळल्यामुळे लातूरच्या घरात आठवडाभर पडून राहावे लागले, तेव्हा इंटरनेटवर चाळलेल्या अनेक गोष्टींपैकी 'गूगल अर्थ'मधील 'टाइमलॅप्स' ही विनामूल्य सुविधा सर्वांत उजवी वाटली. 1984 पासूनची उपग्रहचित्रे वर्षागणिक एकापाठोपाठ एक सरकत जातात आणि आपल्याला हवा तो भूभाग बदलताना दिसतो.

मी प्रथम किल्लारी शोधले. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर गावे नव्या जागी वसवली गेली. पडझडीच्या आठवणी ऐकत वाढलेल्या माणसाला हे स्थलांतर आकाशातून न्याहाळताना जो थरार जाणवतो, तो छापील नकाशात कधी जाणवला नव्हता. त्या एका गावापाशीच माझी अख्खी दुपार गेली. नंतर पैठणचा नाथसागरही पाहिला.

मर्यादाही सांगायला हवी. प्रत्येक वर्षाचे चित्र त्या वर्षातील अनेक ढगविरहित चित्रांमधून घडवलेले असल्याने ऋतूंमधला फरक त्यात विरून जातो. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्याची कोरड येथे वेगळी काढून पाहता येत नाही. शिवाय लँडसॅट या उपग्रहांच्या जुन्या चित्रांतील एक ठिपका जमिनीवरचे सुमारे 30 मीटर व्यापतो, त्यामुळे आपले घर किंवा आड शोधू पाहणाऱ्याची निराशाच होईल. (मी शोधलेच.) मोबाइलपेक्षा संगणकाच्या मोठ्या पडद्यावर पाहावे, आणि शेजारी घरातले एखादे वडीलधारे माणूस बसवावे, कारण कोणते शिवार कोणाचे, हे चित्र सांगत नाही.