जलरंगातलं कौलारू घर आणि माझे १८,५०० रुपये

एका चित्रासाठी ५,००० आगाऊ यूपीआयनं, १३,५०० रोख. पावती नाही. 'पावती का नाही घेतली' विचारणाऱ्यांनी आधी सांगावं, पुण्यात चित्रकाराकडे बिल मागतं कोण? तरी तुम्ही मागा, आणि त्यावर 'मूळ जलरंग' असं लिहून घ्या.

चित्र कोकणातल्या घराचं. अंगण, तुळशी वृंदावन, मागे माड, माणूस कुठेच नाही. जाहिरात बघून कोथरूडला चित्रकाराच्या भाड्याच्या फ्लॅटवर गेलो. गोड बोलणारा, उठसूट 'काका' म्हणणारा. हे लोक कसे असतात ते सांगायला नकोच. काच उघड म्हटलं तर म्हणाला, "सील केलंय काका, पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते." यात खोटं काय? धरतेच की!

पण भिंतीला आणखी एक फ्रेम टेकवलेली होती. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, एक कोपरा उघडा. तेच आकाश. डावीकडे तोच फुलकोबीसारखा डाग, अर्धवट सुकलेल्या रंगात पाणी शिरलं की फुटतो तसा. असा डाग हुबेहूब दोनदा पडूच शकत नाही. माझी नजर त्या डागावर गेली, थांबलीसुद्धा! "मालिका आहे काका," म्हणत त्यानं फ्रेम उलटी केली. चित्रकार एकच विषय पुन्हा पुन्हा काढतातच, संशय घ्यायचा कशावरून?

सदाशिव पेठेतल्या फ्रेमवाल्यानं काच काढून भिंग धरलं. निळे, गुलाबी, पिवळे ठिपके. छापील! पेन्सिलची रेघसुद्धा छापलेली. तुळशीवर तेवढा खऱ्या रंगाचा एक फटकारा, गिऱ्हाईक गंडवण्यापुरता. काच उघडत नसेल तर उठून चालू लागा.

चौकीत म्हणाले, "वस्तू मिळाली ना? मग हे दिवाणी." वर १९३० ला फोन करायचा सल्ला. अहो, तो ऑनलाइन फसवणुकीसाठी, माझे बहुतेक पैसे रोख गेलेत! भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ काढून दाखवलं, तर "वकील आहात का?" ग्राहक आयोगात जा म्हणे. ५ लाखांपर्यंत फी नाही, कबूल; पण नोटीस धाडायची कुठे? फ्लॅट रिकामा. घरमालक म्हणतो, भाडेकरूचे कागद चौकीत दिलेत. चौकी म्हणते, सापडत नाहीत. मग ती भाडेकरू नोंदणी करायची कशाला?

रोख देऊ नका. अजिबात.

तेच घर आता दुसऱ्या नावानं १४,००० ला विकायला लावलंय. मोबाइलवर चौकीत दाखवलं. साहेबांनी मान वरही न करता सांगितलं, "प्रिंट काढून आणा."