सीलबंद खोक्यातला सी हॉक

रणगाड्यांची आणि लढाऊ विमानांची स्केल मॉडेल्स बनवणाऱ्यांनी, त्यातही बंद पडलेली जुनी किट्स, म्हणजे जोडून मॉडेल बनवायच्या सुट्या भागांची खोकी, शोधणाऱ्यांनी, हे जरूर वाचावं म्हणून सविस्तर लिहितोय. अशा किटच्या एका व्यवहारात माझे साडेअठरा हजार रुपये गेले. त्यातले सहा हजारांच्या आसपास एका खात्यात गोठवले गेलेत, बाकीचे काढून झाले. पैशांचं दुःख आहेच, पण त्याहून जास्त संताप फसवण्याच्या पद्धतीचा आहे. मला फसवणारा माणूस आपल्या छंदातला जाणकार आहे. आपण काय विचारणार आणि कुठे भिडेखातर गप्प बसणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

मी मालवणजवळ राहतो. इथे किट्सचं दुकान नाही. रंग आणि थिनर ज्वालाग्राही म्हणून बरेच कुरिअरवाले घेतच नाहीत, त्यामुळे मुंबई-पुण्याहून कोणी येणार असेल तर त्याच्यामागे लकडा लावायचा. पावसाळ्यात हवा इतकी दमट की लॅकर मारला की त्यावर पांढुरकी झाक येते. चार महिने एअरब्रश जवळजवळ गुंडाळूनच ठेवावा लागतो. जुनी डीकल्स, म्हणजे पाण्यात सोडून मॉडेलवर चिकटवायची छापील चिन्हं, या हवेत पिवळी पडतात, कागदाला बुरशी धरते. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाला हवं ते किट समोर दिसलं की ते हातचं जाऊ नये असं वाटतं. फसवणाऱ्याने माझा पत्ता विचारला तो पहिल्याच दिवशी, आणि मग म्हणाला, “तुमच्याकडे तर काहीच मिळत नसेल ना?”

मला हवं होतं सी हॉक, आपल्या नौदलाच्या जुन्या लढाऊ विमानाचं किट. आमच्या वाडीतले एक काका नौदलात होते, जुन्या विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या डेकवर काम केलेले. ती विक्रांत १९६१ साली आपल्या नौदलात आली आणि १९९७ साली निवृत्त झाली. ४ डिसेंबर १९७१ ला तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्सबाजार आणि चितगावावर हल्ले केले, हे काका अशा थाटात सांगतात की ऐकणाऱ्याने घड्याळ बघायचं नसतं. पंख मिटलेलं, डेकवर उभं असलेलं सी हॉक त्यांना करून द्यायचं मी कबूल केलं होतं. त्यासाठी गोव्याला जाऊन बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयातल्या सी हॉकचे फोटोही काढून आणले होते, पंखाच्या बिजागरीजवळचे, चाकांच्या खोबणीतले, सगळे. आता हवं होतं १/४८ चं, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढं किट, मिटलेल्या पंखांच्या सुट्या भागांचा रेझिनचा (साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकचा) संच आणि भारतीय नौदलाच्या ३०० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची, पांढऱ्या वाघाच्या चिन्हाची, डीकल्स. तिन्ही गोष्टी एका वेळी सापडणं कठीण.

मोबाइलवरच्या खरेदी-विक्रीच्या एका गटात त्या तिन्ही गोष्टी एकाच माणसाकडे निघाल्या. वडील नौदलात होते, ते गेले, त्यांचा संग्रह जाणत्या माणसाच्या हाती जावा अशी आईची इच्छा आहे, असं त्याने लिहिलं होतं. सोबत काचेच्या कपाटाचा फोटो, खोक्यांनी गच्च भरलेलं. बोलणं अदबशीर, ‘दादा’ म्हणून. विमानाच्या वरच्या गडद राखाडी रंगासाठी कुठला रंग वापरणार, हेही त्याने विचारलं. असा प्रश्न बाहेरचा माणूस विचारत नाही.

मी सावधपणे आधी एक लहान किट मागवलं, १/७२ चं नॅट लढाऊ विमान. ते व्यवस्थित आलं. सुटे भाग ज्यांना जोडलेले असतात त्या प्लास्टिकच्या सगळ्या फ्रेम जागच्या जागी, डीकल्स ठीक, वर हाताने लिहिलेली चिठ्ठी. पुढच्या मोठ्या व्यवहारासाठी टाकलेलं हे आमिष होतं. याच माणसाने फसवलेले आणखी दोघे मला नंतर भेटले. दोघांनाही पहिला माल चोख मिळाला होता.

मग सी हॉक, रेझिनचा संच, डीकल्स आणि वर १/३५ चा टी-५५ रणगाडा, असा सौदा ठरला. मी आजची तारीख लिहिलेल्या कागदासह फोटो मागितला. त्याने लगेच पाठवला. खोकं, त्यावर कागद, कागदावर माझं नाव आणि तारीख. आतल्या फ्रेमचे फोटो मागितले तेव्हा तो म्हणाला, “दादा, सील फोडलं आणि उद्या तुम्ही नाही म्हणालात, तर माझी किंमत निम्मी होईल.”

सगळी फसवणूक या एका वाक्यावर उभी आहे. आपल्या छंदात न उघडलेल्या खोक्याला जास्त भाव मिळतो, हे खरंच आहे. संग्रह करणारे लोक सीलसाठी पैसे मोजतात. त्यामुळे सील फोडायला सांगणं आपल्यालाच असभ्यपणाचं वाटतं. पण ते पारदर्शक प्लास्टिक बाजारात गुंडाळीने मिळतं आणि गरम हवेच्या गनने ते कोणत्याही खोक्यावर मिनिटभरात ताणून बसवता येतं. मला आलेल्या खोक्यावर प्लास्टिकचा सांधा झाकणाच्या वरच्या बाजूला, वाकडातिकडा, एका कोपऱ्यात वितळून गोळा झालेला होता. शिवाय प्लास्टिकच्या आत, झाकणाच्या कडेला, कुठल्या तरी दुकानाचं किमतीचं लेबल खरवडून काढल्याची खूण होती आणि तिच्यात धूळ बसलेली होती. कारखान्यातून सीलबंद निघालेल्या खोक्याच्या आत दुकानाचं लेबल जाईल कसं?

खोकं मी मोबाइलवर चित्रण सुरू ठेवूनच उघडलं. सी हॉकच्या फ्रेम त्याच किटच्या होत्या, पण काचेसारख्या पारदर्शक भागांची फ्रेम नव्हती, म्हणजे कॅनोपी, वैमानिकावरची काचच, नाही, आणि धडाच्या एका बाजूची फ्रेमही गायब. कारखान्यात आतल्या पिशव्यांची तोंडं उष्णतेने चिकटवतात. इथे पिशव्या कापून स्टेपलर मारला होता. कोणी तरी दुसऱ्या मॉडेलसाठी सुटे भाग काढून घेतलेलं ते किट होतं. टी-५५ च्या खोक्यात तर दुसराच रणगाडा. टी-५५ ला प्रत्येक बाजूला पाच मोठी चाकं असतात आणि पहिल्या-दुसऱ्या चाकामध्ये ठळक मोकळी जागा असते. त्यावरून तो लांबूनही ओळखू येतो. यातून निघाली सहा-सहा चाकं, आणि वरचं कवचच नाही.

रेझिनचा संच नकली होता. हे ओळखायला शिका, कारण असे संच सर्रास फिरतात. खऱ्या संचाचाच सिलिकॉनमध्ये साचा काढून त्यात स्वस्त रेझिन ओततात. रेझिन घट्ट होताना किंचित आकसतं. मूळ कारागीर ते आकसणं धरून आपला नमुना बनवतो. नकल करणारा तयार भागावरून साचा काढतो, म्हणून तो भाग दुसऱ्यांदा आकसतो. खऱ्या सी हॉकचे पंख टोकापासून टोकापर्यंत ३९ फूट, म्हणजे १/४८ मध्ये बरोबर पावणेदहा इंच. किटमधले पंख त्या मापाला उतरले. रेझिनचा मिटणारा भाग बिजागरीच्या जागी लावून पाहिला तर रुंदीत जवळजवळ एक मिलिमीटर कमी, सांध्यावर स्पष्ट पायरी. पत्र्यांच्या जोडरेषा बोथट, कडांवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं, आणि एक तुकडा बोटाला चिकटत होता, म्हणजे रेझिन ज्या दोन द्रवांतून बनतं त्यांचं प्रमाणच चुकलेलं. असा माल घासून दुरुस्त करायच्या फंदात पडू नका. रेझिनची धूळ फुप्फुसांना वाईट असते. अस्सल रेझिनसुद्धा पाण्याखाली आणि मास्क लावूनच घासावं.

डीकल्सचं मात्र मला फार लागलं. आपल्या विमानावरचं वर्तुळ बाहेरून केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. त्या शीटवरचं वर्तुळ कागदावर अगदी सुरेख दिसत होतं. काका शेजारीच बसले होते. एक वर्तुळ पाण्यात सोडलं, तर केशरी रंग पाण्यात उतरायला लागला. उरलेलं राखाडी प्लास्टिकवर सरकवलं, आणि काका म्हणाले, “रे, ह्येच्यातलो पांढरो खंय गेलो?”

पांढरा नव्हताच. घरगुती प्रिंटरला पांढरी शाई नसते. कागदाचा पांढरेपणाच आपल्याला पांढरा रंग म्हणून दिसतो. पारदर्शक फिल्मवर छापलेलं असं वर्तुळ राखाडी विमानावर लावलं की पांढऱ्या पट्ट्याच्या जागी राखाडीच दिसणार. कारखान्यात छापलेल्या डीकलमध्ये पांढऱ्या शाईचा वेगळा थर असतो, तो तिरप्या उजेडात धरला की उठून दिसतो. विकणाऱ्याकडे असा तिरप्या उजेडातला फोटो मागा. एक भेदही लक्षात ठेवा: जुनी, अस्सल डीकल्स पाण्यात पडल्यावर कधी कधी तुकडे होऊन फुटतात. ती वयाची खोड आहे, वरून पारदर्शक लॅकरचा हलका हात मारून अशी शीट पुष्कळदा वाचवता येते. शाई पाण्यात विरघळणं मात्र जुनेपणामुळे होत नाही.

मी त्याला चित्रण पाठवलं. आधी “कुरिअरवाल्याने बदललं असेल”, मग “पूर्ण पैसे परत देतो”, आणि पाठोपाठ एक क्यूआर कोड: हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. मी नकार दिल्यावर तासाभरात कुरिअरच्या ‘तक्रार विभागा’तून फोन आला, नुकसानभरपाईसाठी एक ॲप उतरवून घ्या म्हणून. कुरिअरकडे मी तक्रारच केली नव्हती, तर त्यांना कळलं कुठून? म्हणजे दुसरी टोळी नाही, हाच माणूस किंवा त्याचाच साथीदार.

त्या रात्री मी कपाटाचा फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. कपाटामागच्या भिंतीवरचं विजेचं सॉकेट आपल्याकडचं नाहीच. दोन उभ्या चपट्या फटींचं, अमेरिकेत असतं तसं. फोटो कुणा परदेशी माणसाच्या घरातला उचललेला. गेलेले वडील, आईची इच्छा, सगळं रचलेलं. एका नौसैनिकाच्या आठवणीसाठी चाललेल्या कामात त्याने दुसऱ्या नौसैनिकाचं खोटं मरण वापरलं, हे मी विसरू शकत नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, बँकेला लेखी कळवलं. फोन उचलणाऱ्या बाईंनी शांतपणे सगळं लिहून घेतलं, व्यवहाराचा क्रमांक, यूपीआय आयडी, वेळ. अडचण अशी की असल्या प्रकरणात जितक्या लवकर कळवाल तितके पैसे अडवता येतात, आणि पार्सल हाती पडेपर्यंत आपल्याला फसलोय हे कळतच नाही. पार्सल पाठवण्यामागे त्याचा हाच हिशोब असतो. दुसरा हिशोब असा की काही तरी माल पोचला म्हटल्यावर हा देण्याघेण्याचा वाद वाटतो. पोलीस ठाण्यात मलाही पहिला प्रश्न तोच आला, “माल मिळाला ना?” तेव्हा न कापता केलेलं चित्रण, कुरिअरच्या पावतीवरचं वजन आणि आधीचं सगळं संभाषण कामाला आलं. मुळातच फसवण्याच्या हेतूने खोटं सांगून पैसे घेतले असतील तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, हे अर्जात स्पष्ट लिहा. विक्रेता रीतसर दुकानदार असेल आणि बिल असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही आहे.

मॉडेल्स बनवून देणाऱ्यांसाठी आणखी एक. कुडाळकडच्या एका मित्राला ‘लष्करी अधिकाऱ्या’चा फोन आला, युनिटच्या समारंभासाठी दहा रणगाडे हवेत, आगाऊ रक्कम ‘आर्मीच्या पद्धतीने’ देतो, आधी तुम्ही एक रुपया पाठवून खातं पडताळा. सोबत गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र. आपल्याकडे घरटी नाही तरी वाडीगणिक कोणी ना कोणी सैन्यात नाही तर नौदलात असतो, त्यामुळे गणवेश दिसला की आपण उभे राहतो. त्या आदराचाच हे लोक धंदा करतात. पैसे देणाऱ्याकडून आधी पैसे मागायची कोणतीही लष्करी पद्धत नाही. मित्राने वाडीतल्या निवृत्त सुभेदारांना फोन जोडून दिला, आणि त्यांनी युनिटबद्दल दोन साधे प्रश्न विचारताच समोरचा फोन बंद झाला.

आता मी जुनं किट घेताना विकणाऱ्याला सील फोडायलाच सांगतो आणि सील फोडलं म्हणून किंमत कमी करायला सांगत नाही. आपल्याला मॉडेल बनवायचंय, खोकं कपाटात ठेवायचं नाही. सगळ्या फ्रेम सूचनापत्रकाच्या फ्रेमच्या चित्रावर मांडून, तारखेच्या कागदासह फोटो. पारदर्शक फ्रेमचा आणि डीकल्सचा वेगळा फोटो. जमल्यास व्हिडिओ कॉलवर खोकं उघडून दाखवा म्हणतो. खरा छंदी माणूस हे आनंदाने करतो, उलट दोन गोष्टी जास्तच दाखवतो. पैसे माल पोचल्यावर, नाहीतर निम्मे आधी निम्मे नंतर. शक्य असेल तिथे ओळखीच्या कुणाला प्रत्यक्ष पाठवतो. आंगणेवाडीच्या जत्रेला किंवा गणपतीला गावी येणारे चाकरमानी याबाबतीत फार उपयोगी पडतात.

काकांचं सी हॉक पुण्याच्या एका अनुभवी मॉडेलरने दिलेल्या कॅनोपीवर आणि धडाच्या भागावर पुढे सरकलंय. पंख मी प्लास्टिकचेच कापून, संग्रहालयातल्या फोटोंवरून बिजागऱ्या घडवून मिटवतोय.

तो माणूस अजून विकतोय. गेल्या महिन्यात नव्या नावाने, या वेळी ‘आजोबांचा संग्रह’ म्हणून. कपाट तेच आहे: काचेची दोन दारं, वरच्या खणात आडवी ठेवलेली तीन मोठी जहाजांची खोकी, डाव्या बाजूला भिंतीवर ते चपट्या फटींचं सॉकेट. हा फोटो दिसला तर पैसे पाठवू नका. विक्रेत्याचा फोन नंबर आणि यूपीआय आयडी दिसेल असा स्क्रीनशॉट काढा आणि सायबर पोर्टलवर संशयिताची माहिती म्हणून नोंदवा. वेगवेगळ्या तक्रारींतून एकच नंबर पुढे आला, तर माझ्या आणि त्या दोघांच्या तक्रारींनाही जोर येईल.