डोम, फ्रान्स: नुसता कडा बघून परतू नका

दोर्दोन्य नदीवरच्या डोम गावात येणारे बरेचजण कड्यावर फोटो काढतात, आइस्क्रीम खातात आणि तासाभरात परत बसमध्ये बसतात. नजारा झकास आहेच. नदी दीडशे मीटर खाली वळसा घेत जाते. पण तटबंदी बघायची तर गावाच्या मागच्या अंगाला, दक्षिण-पूर्वेकडे जायला हवं. १२८१ मध्ये राजा तिसरा फिलिप याने हे गाव वसवलं. रस्ते एकमेकांना काटकोनात छेदणारे, पण डोंगरमाथ्याच्या आकारामुळे आराखडा तिरपा झालेला. कड्याच्या बाजूला निसर्गाचाच तट आहे, असं धरून चालले होते. कॅथलिक-प्रॉटेस्टंट युद्धांच्या काळात, १५८८ मध्ये, सेनानी जोफ्रुआ द व्हिव्हानचे प्रॉटेस्टंट सैनिक रात्री नेमके तिथूनच वर आले आणि त्यांनी आतून दरवाजा उघडला.

'पोर्त दे तूर' हा दरवाजा अजिबात चुकवू नये. दोन अर्धगोल बुरूज, पुढे फुगवून घडवलेले दगड, बाणांसाठी अरुंद जंग्या. १३०७ नंतर इथे टेम्पलर, म्हणजे धर्मयुद्धांत लढणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे सरदार, कैदेत होते. आतल्या भिंतींवर खरवडलेले क्रूस आणि आकृत्या त्यांच्याच मानल्या जातात. मात्र बुरुजांत फक्त गाइडबरोबर सोडतात, आणि ते रोज नसतं. म्हणून गावात शिरल्याशिरल्या आधी पर्यटन कार्यालयात वेळ विचारावी, बाकीचा दिवस त्याप्रमाणे लावावा. नाहीतर बाहेरून दगड बघून परत.

चौकातल्या जुन्या बाजारमंडपाखालून गुहेत उतरता येतं. आत भर उन्हाळ्यातही गारठा असतो, पायऱ्या भरपूर आणि ओलसर. चपला नकोत, जाकीट हवं. बाहेर पडताना काचेची लिफ्ट कड्याच्या कडेने वर आणते. लवणस्तंभ ठीकच. लिफ्ट भारी.

रेल्वे सार्लापर्यंतच येते. पुढे गाडी किंवा टॅक्सी. जुलै-ऑगस्टमध्ये गाडी वर गल्ल्यांत घालूच नये, खाली लावून चालत यावं. गुरुवारी आठवडी बाजार असतो, त्या दिवशी सकाळी लवकर पोचलात तरच जागा मिळेल.

शाकाहारी मंडळींनी जपून. 'पॉम सार्लादेझ' म्हणजे दिसायला साधे लसूण घातलेले बटाटे, पण ते बदकाच्या चरबीत परततात. सॅलडवरही बदकाचे तुकडे येतात, ते आधीच नको म्हणून सांगावं. अक्रोडाचं तेल आणि काबेकू हे शेळीच्या दुधाचं चीज मागावं. दोन्ही इथलंच, उत्तम. चीजमध्ये बहुधा प्राण्यांचं रेनेट (दूध घट्ट करायला वापरतात ते) असतं, ते चालत नसेल तर तेही सोडा. आणि दुपारी दोननंतर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद होतं, मग क्रेपवर (पातळ फ्रेंच धिरड्यावर) भागवावं लागतं.