एम्बामिंग सर्व्हिस, नागपूर: काम पाच स्टार, बिल दोन स्टार

मावशीचे यजमान, आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो, बंगळूरहून लग्नासाठी नागपूरला आले नि मे महिन्यात इथेच अटॅकनं गेले. मुलांना अंत्यसंस्कार तिकडेच करायचे होते, एअरलाइनवाले म्हणाले एम्बामिंगचं, म्हणजे देह लवकर सडू नये म्हणून त्यावर औषधी प्रक्रिया केल्याचं, सर्टिफिकेट लागेल, आणि बाहेर ऊन असं की सकाळी नऊलाच चटके. मावशीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "अरे, एम्बामिंग म्हणजे बाम लावतात का?"

मी तेव्हा नाही म्हणालो. पण नंतर शोधलं तर मावशीचंच बरोबर होतं नं! आपण कपाळाला चोळतो तो बाम आणि हा बाम एकच, दोन्ही शब्द ग्रीक-लॅटिनमधल्या बाल्समवरून आलेत, म्हणजे झाडाचा सुगंधी डिंक, पुढं फ्रेंचमधून इंग्रजीत गेले. एम्बाम म्हणजे बाम भरणं. ममी हा शब्द तर हिंदीतल्या मोमबत्तीच्या घरातला, फारसीत मोम म्हणजे मेण, त्यावरून मूमिया म्हणजे डांबर, आणि इजिप्तचे ते काळे पडलेले देह डांबर लावलेले वाटले म्हणून त्यांनाही तेच नाव पडलं.

आता डिंक नाही, फॉर्मॅलिन नावाचं रसायन असतं. १८९३ मध्ये फर्डिनांड ब्लुम या जर्मन डॉक्टरच्या बोटांची कातडी त्यानं कडक झाली, तेव्हा त्याला त्याचा गुण कळला. इथे जो माणूस आला होता त्यानं मला नीट समजावून सांगितलं, जांघेतल्या मोठ्या रक्तवाहिनीतून फॉर्मॅलिन, ग्लिसरीन नि स्पिरिटचं मिश्रण सोडतात, ते सगळीकडे पोचतं आणि सडणं लांबतं. दारातच वासानं माझे डोळे चुरचुरायला लागले, तो मात्र मास्क लावून शांतपणे काम करून राहिला होता. शेवटी काकाजींचे केस विंचरले, भांग कोणत्या बाजूला पाडायचा तेही मावशीला विचारून. मावशी तेव्हा पहिल्यांदा रडली.

तक्रार एकच, बिल. एजन्सीवाल्यानं पेटी, गाडी, एम्बामिंग सगळं एका आकड्यात सांगितलं, पावती मागितली तर उद्या देतो, परवा देतो. माणूस त्या वेळी भांडत नाही हे त्यांना माहीत असतं, ते मला फार लागलं, म्हणून एजन्सीचं नाव कुणाला सुचवत नाही. तुमच्यावर वेळ आली तर आधीच वेगवेगळे रेट लिहून घ्या, आणि मृत्यूचा दाखला, पोलिसांची एनओसी, एम्बामिंग नि पेटीचं सर्टिफिकेट, सगळ्याच्या चार-चार झेरॉक्स जवळ ठेवा, कार्गोच्या खिडकीवर प्रत्येक जण एक मागतो.