तयार डिझाईन्सचा ब्लॉग आणि माझ्या नावावर आलेली तक्रार

पुण्यात महिलांच्या व्हॉट्सॲप गटांवर घरबसल्या उत्पन्नाच्या ज्या जाहिराती फिरतात, त्यांपैकी एका प्रकाराबद्दल मी हे लिहीत आहे. प्रिंटेबल डिझाईन्सचा, म्हणजे लोकांनी डाउनलोड करून घरी किंवा छपाईच्या दुकानात छापून घ्यायच्या नमुन्यांचा ब्लॉग आम्ही तुम्हाला उभा करून देतो, त्यावर टाकायला हजारो तयार डिझाईन्स देतो, तुम्ही रोज फक्त तासभर द्या, असे या जाहिरातींचे स्वरूप असते. अशाच एका प्रशिक्षण वर्गाला मी २४,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असे मिळून २८,३२० रुपये भरले. पैसे बुडाल्याचे दुःख आहेच. पण त्याहून गंभीर गोष्ट अशी की, मला विकलेला माल त्यांचा नव्हताच. तो इतरांच्या कष्टाचा होता आणि लोकांपुढे तो माझ्या नावाने मांडला गेला. बुडालेल्या फीबद्दल बरेच लिहिले जाते, या दुसऱ्या बाजूबद्दल फारसे कोणी बोलत नाही, म्हणून हा अनुभव तपशिलाने सांगत आहे.

हा व्यवसाय मुळात खोटा नाही, हे आधी सांगितले पाहिजे. हळदीकुंकवाची निमंत्रणे, मसाल्याच्या बरण्यांची लेबले, मुलांना बाराखडी गिरवायची पाने, महिन्याच्या खर्चाचे तक्ते, चैत्रांगणाची रेखाटने यांना मागणी आहे आणि प्रामाणिकपणे काम करणाऱ्या अनेक जणी त्यातून कमावतात. डिझाईन कसे वापरावे, कोणत्या जाडीच्या कागदावर छापावे, कसे कापावे हे ब्लॉगवर लिहायचे. गूगलच्या शोधातून आणि पिंटरेस्ट या चित्रे साठवण्याच्या संकेतस्थळावरून वाचक येतात. काही नमुने मोफत ठेवायचे, काही विकायचे, आणि पानावरच्या जाहिरातींचे थोडे पैसे मिळतात. मात्र हे उत्पन्न सावकाश येते. ॲडसेन्स, म्हणजे ब्लॉगवर जाहिराती दाखवून पैसे देणारी गूगलची सेवा, तिच्या खात्यात १०० डॉलर साठल्याशिवाय गूगल पैसे पाठवत नाही, आणि नव्या ब्लॉगला तिथपर्यंत पोहोचायला महिनोन्‌महिने जातात.

वर्गाचे मोफत मार्गदर्शन सत्र कर्वे रस्त्यावरच्या एका भाड्याच्या सभागृहात झाले. नोकरी सोडावी लागलेल्या, मुले शाळेत जाऊ लागल्यावर काहीतरी करू पाहणाऱ्या, आजारी सासू-सासऱ्यांमुळे घराबाहेर पडू न शकणाऱ्या अशा महिला तिथे होत्या आणि बोलणाऱ्या गृहस्थांना आमच्या अडचणी नेमक्या ठाऊक होत्या. त्यांनी पडद्यावर कमाईचे आकडे दाखवले. ते आकडे म्हणजे स्क्रीनशॉट होते. ब्राउझरमध्ये उघडलेल्या कोणत्याही पानावरचा आकडा, त्या पानाचा कोड उघडून, कोणालाही काही सेकंदांत बदलता येतो आणि त्याचा फोटो काढता येतो. पान पुन्हा लोड केले की खरा आकडा परत दिसतो. हे मला नंतर एका तरुण नातेवाइकाने समोर करून दाखवले. त्यामुळे कोणी कमाईचा स्क्रीनशॉट दाखवला, तर त्याला पुरावा म्हणून काहीही किंमत देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैसे भरल्यावर ब्लॉग तयार करून मिळाला आणि एका ड्राइव्हची लिंक आली. त्यात दहा हजार डिझाईन्स असल्याचे सांगितले होते. सोबत एक प्रमाणपत्र होते: सोनेरी किनार, मध्यभागी वळणदार अक्षरांत माझे नाव आणि खाली ‘या सर्व डिझाईन्सच्या पुनर्विक्रीचे संपूर्ण हक्क प्रदान करण्यात येत आहेत’ असे वाक्य. त्या कागदावर सही कोणाचीही नव्हती. डिझाईन कोणी काढले, त्याने हक्क कधी व कोणाला दिले, याचा एका शब्दाने उल्लेख नव्हता. मी विचारले तेव्हा ‘ताई, हे सगळं आमच्या टीमचं काम आहे, तुम्ही बिनधास्त टाका’ असे उत्तर मिळाले.

मी ते नमुने ब्लॉगवर टाकू लागले आणि ओळखीतून हळदीकुंकवाच्या निमंत्रणांचे एक कामही मिळाले. कार्डे छापून घेण्यासाठी मी अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छपाईच्या दुकानात गेले. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड कागद ठरला. दुकानदारांनी फाइल उघडली आणि लगेच सांगितले, ‘ताई, हे फाटणार,’ म्हणजे छापल्यावर चित्र धूसर दिसणार. ए-फोर पान स्वच्छ छापायचे तर ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके या हिशोबाने, ते साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेलचे असावे लागते, आणि माझ्याकडची प्रतिमा रुंदीला ८०० पिक्सेलही भरत नव्हती. कोणाच्या तरी दुकानातला दाखवण्यापुरता ठेवलेला लहान नमुना उचलून तो ताणलेला होता. त्यांनी उजवा कोपरा मोठा करून दाखवला. पैठणीच्या काठासारख्या किनारीच्या आत, कुंकवाच्या रंगाचा एक चौकोनी ठिगळ बाकीच्या रंगापेक्षा किंचित गडद होता आणि त्याच्या कडेने पुसून टाकलेल्या इंग्रजी अक्षरांचे शेंडे अजून दिसत होते. मग त्यांनी दुसरी एक पीडीएफ उघडून तिचे गुणधर्म पाहिले. लेखक या रकान्यात एका परदेशी व्यक्तीचे नाव होते. ‘यावर आधीच कोणाची तरी सही आहे. मी हे छापणार नाही, आणि तुम्हीही छापू नका,’ असे ते म्हणाले. त्या कामाचे पैसे त्यांनी सोडले, पण चोरीचे डिझाईन छापले नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे.

मी ब्लॉगवरून सर्व काही उतरवायला सुरुवात करत होते, तेवढ्यात कॉपीराइटची तक्रार आली. ती पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शिक्षिकेची होती. मुळाक्षरे गिरवण्याची पाने त्यांनी शाळा सांभाळून, रात्री जागून तयार केली होती. ब्लॉगला जागा पुरवणाऱ्या कंपनीने ती पाने तत्काळ बंद केली. मी तक्रारीतल्या ईमेलवर लिहून क्षमा मागितली आणि फोनवर बोलण्याची विनंती केली. त्या सुरुवातीला साहजिकच संतापलेल्या होत्या. पाने त्यांचीच आहेत हे त्यांनी कशावरून ओळखले, असे विचारल्यावर त्यांनी मला प्रत्येक पान मोठे करून बघायला सांगितले. अक्षर कोणत्या दिशेने गिरवायचे हे दाखवणाऱ्या बाणाच्या शेपटीत, प्रत्येक पानावर, कण्हेरीचे अगदी बारीक फूल होते. ‘ळ’च्या पानावर ते दुसऱ्या वळणात होते, ‘ज्ञ’च्या पानावर खालच्या टोकाला. चोरणाऱ्याने त्यांचे नाव पुसले होते, पण फुले त्याच्या नजरेला पडली नव्हती. ‘हे तुम्ही कोणाकडून घेतलंत?’ एवढेच त्यांनी शेवटी विचारले, आणि मी पावतीसह सगळी माहिती त्यांना पाठवली.

या प्रसंगानंतर मी कायदा वाचला आणि जाणकारांशी बोलले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र काढले की त्यावरचा हक्क आपोआप निर्माण होतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. गोपद्म, लक्ष्मीची पावले, ठिपक्यांची रांगोळी ही परंपरा कोणा एकाच्या मालकीची नाही. परंतु एखाद्या व्यक्तीने केलेले तिचे विशिष्ट रेखाटन त्या व्यक्तीचेच असते. हा हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर कलम १९ नुसार ते लेखी आणि मालकाच्या सहीनिशी व्हावे लागते. नुसता वापराचा परवाना द्यायचा तरी तो लेखीच असावा लागतो. म्हणजे ते सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र कायद्यापुढे कोरा कागद होते. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम ६३ नुसार ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. ‘मला माहीत नव्हते’ हे सिद्ध करता आले, तरीही मनाई हुकूम निघू शकतो आणि मिळालेला नफा परत द्यावा लागू शकतो. वर्गाच्या जाहिरातीत या जबाबदारीचा उल्लेख कुठेच नसतो, आणि ब्लॉगवर नाव, फोटो व बँक खाते आपले असल्याने पहिली नोटीस आपल्यालाच येते. फसवणाऱ्यांनी ही रचना विचारपूर्वक केलेली आहे, अशी माझी खात्री आहे.

हीच गोष्ट अक्षरांच्या फॉन्टची. आम्हाला मिळालेल्या डिझाईन्सच्या बंडलातले बरेच देवनागरी फॉन्ट फक्त वैयक्तिक वापरासाठी मोफत होते. विक्रीच्या डिझाईनमध्ये ते वापरायला वेगळा परवाना लागतो. याउलट मुक्त, बलू यांसारखे एक टाइप या संस्थेचे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्स या मुक्त वापराच्या परवान्याखाली असल्याने ते व्यावसायिक डिझाईनमध्येही वापरता येतात. कॅनव्हा या डिझाईन करण्याच्या संकेतस्थळावरचे तयार टेम्प्लेट जसेच्या तसे विकायलाही त्या कंपनीच्या अटींनुसार परवानगी नाही, आणि बंडलातली शेकडो पाने तशीच उचललेली होती.

ब्लॉगचे तांत्रिक मालकपणही माझ्याकडे नव्हते. डोमेन, म्हणजे ब्लॉगचा इंटरनेटवरचा पत्ता, वर्गाच्या माणसाच्या नावे नोंदवलेले निघाले, त्यामुळे माझ्या नावाने चालणारे संकेतस्थळ मला बंदही करता येईना. ‘मंजूर झालेले ॲडसेन्स खाते’ म्हणून जे दिले होते, त्याचा पत्ता त्यांचाच होता. १० डॉलर जमल्यावर गूगल पत्ता पडताळण्यासाठी टपालाने पिन पाठवते. तो माझ्या घरी येणे शक्यच नव्हते. असे खाते एकाकडून दुसऱ्याकडे विकता येत नाही, आणि गूगल मंजुरीसाठी पैसेही घेत नाही, हे अधिकृत नियमांत स्पष्ट लिहिलेले आहे. वाचकसंख्या वाढलेली दिसावी म्हणून त्यांनी बनावट भेटी आणल्या होत्या. अवैध ट्रॅफिकच्या, म्हणजे अशा खोट्या भेटींच्या कारणावरून ते खाते बंद झाले आणि दिसणारी रक्कमही गेली.

मी जाब विचारला तेव्हा त्यांनी पैसे परत करण्याऐवजी वेगळाच मार्ग सुचवला: मी ओळखीतल्या आणखी महिलांना वर्गात आणावे, प्रत्येकीमागे मला कमिशन मिळेल, आणि माझी फी सहज वसूल होईल. म्हणजे ज्या महिलांनी सत्रात आम्हाला आपल्या यशाच्या गोष्टी सांगितल्या, त्यांतल्या काही जणी अशाच आपली फी वसूल करत असाव्यात. माझ्या मैत्रिणीच्या हातात तोच चोरीचा माल देऊन मी माझे पैसे सोडवावेत, ही सूचना मला त्या सगळ्या व्यवहारातली सर्वांत नीच गोष्ट वाटली. नवीन माणसे आणण्यावरच कमाई अवलंबून असलेल्या साखळी योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे, हेही इथे नमूद करते.

पावतीवरचा जीएसटी क्रमांक मी जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तपासला. हा क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि त्याचे पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचे अंक २७ आहेत. पुण्याचा पत्ता असलेल्या त्या पावतीवरचा क्रमांक दुसऱ्याच राज्याचा होता आणि पोर्टलवर त्याच्यापुढे भलत्याच व्यवसायाचे नाव दिसत होते. म्हणजे करापोटी घेतलेले ४,३२० रुपये सरकारकडे गेले असण्याची शक्यताच नाही. ही तपासणी मोफत आहे, तिला लॉगिन लागत नाही आणि ती पैसे भरण्याआधी मोबाइलवर करता येते.

पैसे नुकतेच गेले असतील तर सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा, कारण रक्कम समोरच्या खात्यातून हलण्याआधी ती गोठवता येऊ शकते. माझ्याबाबतीत तो वेळ निघून गेला होता. मी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली आणि पोलिसांना अर्ज दिला. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागू होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही नीट माहिती मिळाली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, त्यामुळे समोरचा कार्यालय हलवून परगावी गेला तरी आपल्याला त्याच्यामागे जावे लागत नाही. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी आयोगाकडे शुल्क नाही, आणि वकील देणे सक्तीचे नाही. सारखेच नुकसान झालेल्या अनेकांच्या वतीने एक-दोघांनाही आयोगाच्या परवानगीने तक्रार चालवता येते. त्याच वर्गाच्या आणखी काही जणी आता माझ्याबरोबर आल्या आहेत आणि त्या शिक्षिकांनी त्यांच्या मूळ फाइल्स, त्या तयार केल्याच्या तारखांसह, आमच्या कागदपत्रांना जोडायला दिल्या आहेत.

तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ज्यांनी अशा वर्गाला पैसे भरले आहेत त्यांनी पावती, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, व्हॉट्सॲपवरचे संपूर्ण बोलणे आणि मिळालेले ‘हक्काचे प्रमाणपत्र’ यांतले काहीही पुसू नये. ब्लॉगवर तयार बंडलातले जे काही असेल ते आजच उतरवावे, पण उतरवण्याआधी प्रत्येक पानाची तारखेसह प्रत काढून ठेवावी. ती तुमच्या तक्रारीतही लागेल आणि ज्याचे डिझाईन चोरले गेले त्यालाही उपयोगी पडेल.